दादाने ठेवलेली बॅग

एअरपोर्टवर घाम फुटणं म्हणजे काय, ते मला विचारा. माझा टेक्ससचा मामेभाऊ, शिरीषदादा, आखातातल्या आमच्या घरी, डिस्कव्हरी गार्डन्सला राहून गेला. त्याला रायफल रेंजचा नाद, काडतुसंसुद्धा स्वतः भरतो. रोज जेवताना एकच विषय, बंदुकीची पावडर कुठली घ्यावी. एक काजळी धरते, दुसरी स्वच्छ जळते. मी आपला नुसता हूं हूं करायचो.

जाताना रेंजची बॅग ठेवून गेला. मजबूत आहे म्हणून बायकोने तिच्यातच चकल्या भरल्या आणि आम्ही मुंबईला निघालो.

सिक्युरिटीच्या रांगेत पुढच्याची बॅग पट्टीने पुसली, पट्टी स्फोटकांचे कण हुडकणाऱ्या मशीनमध्ये घातली. आमच्या बॅगेत तर दादाच्या पावडरीचे कण असणारच! दादाला फोन लावून कुजबुजलो, "शेवटी कुठली घेतलीस रे? स्वच्छ जळणारी ना?"

"वा! तुलाही गोडी लागली तर! हे बघ, काजळीचं असं असतं..."

"दादा, हो की नाही, एवढंच सांग!"

"थांब रे, नीट समजून घे."

"यल्ला, हबीबी, बॅग!" ऑफिसरने घाई केली.

बायको म्हणते, "अहो, थंडी वाजतेय का?"

पट्टी आत गेली. मशीन गप्प राहिलं. दादा मात्र अजून बोलतोय.