लेन्सचा कल

आजच्या सभेचे अध्यक्ष श्री. क्लाइव्ह बर्टेनशॉ, मंचावर संकोचून बसलेल्या उत्सवमूर्ती बेरिलबाई हॅस्कल, कॅमेरा क्लबचे सभासद आणि केवळ लॅमिंग्टन केकसाठी आलेली त्यांची घरची मंडळी,

बेरिलबाई येत्या रविवारी बहिणीकडे, पर्थला, कायमच्या निघाल्या आहेत. निरोपाचं भाषण नेव्हिलनेच करावं, असा ठराव माझ्या गैरहजेरीत झाला. क्लबमधली सगळीच कामं मला अशी मिळतात.

माझी तिरकी लेन्स आपण जाणताच. साधी लेन्स नाकासमोर बघते. ही मान वाकडी करते, आणि ओळीत कितीही माणसं उभी असली तरी एखादाच चेहरा स्वच्छ उमटतो, बाकीचे धूसर. कोणता, ते फोटो काढणाऱ्याने ठरवायचं असतं. निदान माहितीपत्रकात तसं म्हटलंय.

क्लबच्या वर्धापनदिनी मी अध्यक्षांचा चेहरा धरायला गेलो. आठवतं ना? अध्यक्षांच्या तोंडाची लापशी झाली, आणि कडेला उभ्या बेरिलबाईंच्या चष्म्याची काडीसुद्धा लख्ख. मग टेबल केपला ट्यूलिप फुलले. साऱ्या गावाने फुलांचे फोटो काढले. माझ्या फोटोत फुलं गेली वाहून, आणि पार टोकाच्या वाफ्यापाशी टोपी सावरणाऱ्या बेरिलबाई तेवढ्या स्वच्छ. क्लाइव्ह भर सभेत म्हणाला, "नेव्हिल, लेन्सला कल द्यायचा असतो हे ठीक. पण तुझा कल आता सगळ्यांना कळला." सभागृह हसलं. मीही हसलो, दुसरं काय करणार?

बेरिलबाई मात्र हसल्या नाहीत. चहा ओतता ओतता म्हणाल्या, "अरे, बिघडली असेल ती. लॉन्सेस्टनला दाखवून आण की."

मी पडलो आज्ञाधारक. गेलो. दुरुस्तीवाल्याने लेन्स उलटीपालटी करून पाहिली आणि माझ्याकडेही जरा तसंच पाहिलं. पुढे बाईंनी दोनदा विचारलं, काय म्हणाला तो? दोन्ही वेळा मी वाऱ्यापावसाबद्दल बोललो. या वयात माणसाला एवढंच सुचतं.

असो, चहा गार होतोय. केक करणाऱ्या भगिनींचे, आणि घड्याळाकडे एकदाच पाहिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार. माझ्या बोलण्यात काही धूसर राहिलं असेल तर सभेने पोटात घालावं.

बेरिल, तुला मात्र सरळ सांगतो. तो म्हणाला, लेन्समध्ये काहीही बिघाड नाही.

तू पर्थला जाऊ नकोस.