अंगावरच्याला जकात न्हाय

सरका की जरा... अजून सरका! माणूस एकच असलो तरी आज मला जागा दोघांची लागतीय, का ते विचारू नका, आधी मला सांगा, पहिल्यांदाच निघालाय ना मोगलाईत? आमच्याच गावाला? अरारारा! मग तुम्हाला सांगतो, राग धरू नका, पण पाहुण्याला आमचं गाव दाखवू नये!

गाव म्हणजे काय, एक पाय इंग्रजाच्या मुलखात, एक निजामाच्या. शिव्या मराठीत, लाड कानडीत आणि शाळा उर्दूत! ती शाळा सोडली म्या, पळालो सोलापूरला, लागलो गिरणीत. वाटलं, सुटलो. सुटतंय कोण? मधे तो करोडगिरीचा नाका हाय ना! सोलापुरातनं काही आणलं की निजामाची जकात. पण अंगावरच्या कपड्याला जकात न्हाय! झालं! आमच्या वडीलधाऱ्यांनी जन्माची सगळी अक्कल ह्या एका ठिकाणी खर्च केलीय. माणूस सोलापूरला जातो काडीसारखा आणि येतो हरभऱ्याच्या पोत्यासारखा! धोतरावर धोतर, बंडीवर बंडी, वर कोट... भर उन्हाळ्यात!

आता माझी बहीण जगदेवी. तिच्यासाठी स्थळ म्याच आणलं, गिरणीतला माझा जोडीदार शांतलिंग. पोरगा सोन्यासारखा, त्याची आई गंगम्मा तेवढी तिखट. म्हटलं, बहीण तरी सुटंल ह्या गावातनं! पोरगी बघायचा दिवस ठरला, आणि आमचा बंडप्पाकाका, बाप गेल्यापासनं घरात ह्याचंच राज्य, ह्यानं काय सांगावं? ‘शिवलिंग, पाहुणे संगं असले की नाक्यावर लई बघत न्हाईत. त्याच मोटारीत काकू आन जगदेवी सोलापुरातनं बस्ता घिऊन येतील. अंगावर.’

लग्न ठरायच्या आधी लग्नाचा बस्ता! आणि तोही नवरीच्याच अंगावर! म्हटलं, ‘काका, तिला बघायला येताहेत की हो ते!’

‘शाळा अर्ध्यात सोडणाऱ्यानं मोठ्यांना शिकवू नये.’

बरं! मोटारीत गंगम्मानं जगदेवीला बघितलं. पदरातनं नाक तेवढं दिसत होतं, बाकी सगळं कापड. बाई खूश! ‘अय्यय्यो शिवलिंग, तुजी बहीण अंगानं किती भरलेली हाय रे! खात्यापित्या घरची!’ आणि जगदेवी आत शिजतीय! पाहुण्याला आमचं गाव दाखवू नये, हे मला तिथंच कळायला पायजे होतं.

घरी आलो. घोंगडी हातरलेली, आणि मधोमध लोडाला टेकून कोण? नाकेदार! नाक्यावर शिपाई ठिऊन हा इथं! का? तर घरात काही कार्य असलं की काकाचं पहिलं बोलावणं नाकेदाराला. ज्याच्या डोळ्यात धूळ टाकायची त्यालाच लाडू खायला घालायचे... आणि ह्याला हे लोक धोरण म्हणतात!

जगदेवी सरबत घेऊन आली. एकाच लुगड्यात. शेवग्याच्या शेंगेसारखी!

गंगम्मानं पेला खाली ठेवला. ‘ही कोण?’

‘जगदेवी,’ काका म्हणाला.

‘मग मोटारीतली कुठं लपवली? एक दाखवून दुसरी गळ्यात बांधताय व्हय?’

आता काय सांगायचं होतं हो? ‘बाई, ती लुगडी होती,’ एवढंच! पण नाकेदार समोर लाडू मोडतोय. काकू आढ्याकडं बघतीय, काका जमिनीकडं, आणि जमिनीत ह्याला काय सापडावं? ‘ती व्हय... ती हिची थोरली बहीण. आत्ताच सासरला गेली.’

‘तुम्ही तर एकच पोरगी म्हणाला व्हता!’

जगदेवी माझ्याकडं बघून म्हणाली, ‘अण्णा, तू तरी सांग की रे.’ म्या तोंड उघडलं... आणि काकानं त्यात अख्खा लाडू कोंबला! रव्याचा! बोला आता! तो गिळेस्तवर पाहुणे वेशीबाहेर. पळत गेलो, सगळं खरं सांगितलं, तर गंगम्मा म्हणती, ‘लुगड्यावर लुगडी नेसली व्हती म्हणं! आता हे अजून एक खोटं!’ आणि शांतलिंगानं मान फिरवली.

परत आलो तर नाकेदार उठत होता. काकाच्या खांद्यावर हात ठिऊन म्हणतो, ‘अरे बंडप्पा, बेटी की शादी का कपडा था तो बोलने का ना! छोड देता मैं. पूरा गाव सोलापूर से मोटा होके आता, मेरेकू क्या मालूम नै?’

म्हणजे त्याला माहीत! सगळ्या जगाला माहीत! जगाला माहीत न्हाय असं फक्त आमच्या थोरांना वाटायचं! जगदेवीनं लुगड्यांच्या घड्या केल्या, पेटीत ठिवल्या आणि मला म्हणाली, ‘बस्ता हाय अण्णा, नवरा तेवढा न्हाय.’ आणि हसली. ते हसणं अजून डोळ्यांपुढनं जात न्हाय माझ्या. म्हणून म्हणतो, पाहुण्याला आमचं गाव दाखवू नये!

परवा काकाचा निरोप. उमरग्याकडचं स्थळ उद्या बघायला येतंय, ‘तू ये, आणि नवरदेवाची धोतरं नेसून ये.’ म्या उलटा निरोप धाडला, अहो, त्या नाकेदाराला सगळं ठावं हाय! तर म्हणतो, ‘त्याला ठावं असू दे. आपण आपली रीत सोडायची न्हाय. तुला जमत न्हाय तर जगदेवीलाच धाडतो.’

...थांबली बघा मोटार. आला नाका. हात द्या जरा. एकानं न्हाय हो, दोघांनी धरा... आणि बेतानं उठवा, आतलं धोतर सुटतंय.