मिस्त्री आला की सुधारणारं मशीन

...न्हाय, बिघडायला माझी ना न्हाय, मशीन हाय, बिघडंल! पण मिस्त्री दारात आला की लगेच सुधारावं, ही कुठली रीत? तुम्हास्नी सांगतो, आमचं सरबताचं दुकान, त्यात बर्फाचे खडे पाडायचं हे मशीन, आणि रोज दुपारी, ऐन गिऱ्हाइकाच्या वक्ताला, ते धापा टाकत बंद पडतंय. फोन केला की गडहिंग्लजवरनं सोमशेखर मिस्त्री येष्टीनं येतोय, गेज लावतोय, गॅस बघतोय, पंखा बघतोय, तवर खडे पडायला लागत्यात खडाखडा... मग मान हलवून म्हणतोय, "पावणं, मशीन तर चालतंय की."

चालतंय की! आणि तुम्ही येष्टीत बसला की बंद पडतंय त्याचं काय? "व्होल्टेज बघा." बघितलं. "पाणी बघा." बघितलं. बायको म्हणाली, नजर लागलीया, तर मिरच्यासुद्धा ओवाळल्या. तिसऱ्यांदा आला, पुन्हा तेच, "मशीन तर चालतंय की."

आणि रविवारी माझ्या बहिणीचं, मोनाचं लग्न! गडमुडशिंगीच्या व्याह्यांम्होरं मीच छाती फुगवून बोललेलो, सहाशे माणसांच्या सरबताला बर्फ आपल्या मशीनचा. कुणी सांगितलंतं बोलायला? शनिवारी दुपारी बघतोय तर मशीन गप, बर्फ दोन मुठी. रडायचंच बाकी होतं. मागं हात घातला... हाताला ओलं लागलं. गोणपाट! ज्या जाळीतनं मशीन गरम हवा बाहेर टाकतंय, त्या जाळीवरच गच्च गुंडाळलेलं ओलं गोणपाट!

आमच्या वडलांनी, आण्णांनी, तीस वर्षं बर्फाच्या लाद्या विकल्यात. म्हणाले, "अरं, गोणपाटाबिगर बर्फ ऱ्हातोय व्हय? रोज दुपारी मीच घालतोय. मिस्त्री यायचा म्हटला की काढतोय, पावण्याम्होरं फाटकं पोतं बरं दिसत न्हाय."

गोणपाट काढलं, पण एका रात्रीत सहाशे माणसांचा बर्फ ह्या मशीनला कुठला पडतोय? मी बर्फाच्या कारखान्यात गेलो, रविवारी पहाटे लाद्या आणल्या. आण्णांनी त्यांच्यावर तेच गोणपाट घातलं, आणि लाद्या सांजपर्यंत टिकल्या की ओ! व्याही म्हणतायत, "आण्णा, नाद खुळा." आणि आण्णा माझ्याकडं बोट दाखवून सगळ्या मांडवाला सांगतायत, "ह्याच्या मशीनलाबी मीच जपतोय, न्हायतर कवाच मोडीत गेलं असतं."

मी सरबत प्यालो. गार होतं... खोटं कशाला बोला.