टियर्नीबाईंची तक्रार टियर्नीबाईंकडे

नाही, पण मला एक सांगा, तक्रार करायला आलेल्या माणसाला कुणी आधी पाय पुसायला लावतं का? दारात पाऊल टाकलं नाही तोच आतून आवाज, "कोलमन, बूट!" झालं! गाडीत बसून जे जे घोकलं होतं ना, ते सगळं त्या पायपुसण्यावर पुसून गेलं. आणि मी काही भित्रा नाही, तुम्हाला सांगतो! वायरमन आहे मी. अटलांटिकवरून वादळ येतं, अख्खं गाव दारं लावून बसतं, तेव्हा खांबावर कोण लटकत असतं? मी! पण टियर्नीबाई "कोलमन" म्हणाल्या की... अहो, तीस वर्षांपूर्वी त्यांनी मलाच शिकवलंय हो! त्याच खोलीत! त्याच आवाजात!

गाऱ्हाणं काय होतं ते ऐका. माझी आल्वा, आठ वर्षांची. घरात तोंडाचा पट्टा नुसता चालू, पण अक्षरं दिसली की अडखळते. आणि बाईंचा नियम! रोज सकाळी एकेकानं उभं राहायचं आणि मोठ्यानं वाचायचं. ही अडखळली की बाई थांबतात. काही बोलत नाहीत हो, नुसत्या थांबतात! ते थांबणं ज्यानं सोसलंय त्यालाच ठाऊक. पोर रात्री झोपेना, सकाळी दप्तराला हात लावेना, आणि त्या दिवशी मला म्हणते कशी, "बाबा, मी ढ आहे ना?" काळजात चर्र झालं. कारण मीही असाच अडखळायचो, आणि मीही हेच विचारलं होतं. मला तर अजून वाटतं.

ग्रोन्या, म्हणजे आमची बायको, ती म्हणाली, "जाऊन बोल. पण रीतीनं. आधी वर्गशिक्षिका, तिथं नाही जमलं तर मुख्याध्यापिका, तिथंही नाही तर शाळा समितीचा अध्यक्ष. पायरी सोडून चढायचं नाही." म्हटलं, "तू जा की!" तर म्हणते, "मी परगावची. बाई तुझ्या." माझ्या! जशा काही हुंड्यात आल्या होत्या!

शाळा सुटल्यावर गेलो. आता आमच्याकडे कुणी आल्या आल्या मुद्द्याला हात घालत नाही. आधी पाऊस, मग गुडघे, मग कोण कोण गेलं. बाईंनी चहा ओतला. म्हाताऱ्या पॅकी लॅफीला पोचवून झालं, त्याच्या भावाला पोचवून झालं, आता बोलतो, आता बोलतो... तेवढ्यात बाई म्हणाल्या, "कोलमन, तो व्हरांड्यातला दिवा बघ रे जरा." बघितला. घरी आलो. ग्रोन्या दारातच! "बोललास?" म्हटलं, "दिवा लागला." त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी फक्त कुत्र्यामार्फत बोलत होती.

मी काही भित्रा नाही, तुम्हाला सांगतो, परत गेलो! या खेपेला पाऊस नाही, पॅकी नाही, उभ्या उभ्याच डोळे मिटून बोललो, "बाई, आल्वाला ते उभं राहून वाचणं नको." बाईंनी चष्मा काढला. "वर्गशिक्षिका म्हणून मी तुझं ऐकून घेतलं, कोलमन. वर्गशिक्षिका म्हणून माझं मत असं, की उभं राहून वाचल्यानं धीर येतो. समाधान झालं?" माझी मान आपोआप होकारार्थी हलायला लागली हो, हातानं धरून थांबवली! म्हटलं, "नाही, बाई." "मग तू मुख्याध्यापिकेकडे जाऊ शकतोस. गुरुवारी बसतात."

आता आमची शाळा केवढी? दोन खोल्या. लहान्यांना एक नवी पोरगी शिकवते, मोठ्यांना टियर्नीबाई. आणि मुख्याध्यापिका कोण? टियर्नीबाईच! गुरुवारी बदलीची शिक्षिका येते आणि बाई पलीकडच्या ऑफिसात जाऊन मुख्याध्यापिका होतात. इकडे आड, तिकडे तीच विहीर!

गुरुवार उजाडला. मी काही भित्रा नाही... पण शर्टाची बटणं ग्रोन्यानं लावली. दार वाजवलं. "या, मिस्टर डफी!" मिस्टर डफी! जन्मात पहिल्यांदा! मी मागं वळून पाहिलं, आमचा बाप आलाय की काय. "काय तक्रार आहे?" म्हटलं, "बाई, ती परवाचीच..." "मला काही कल्पना नाही. पहिल्यापासून सांगा." सांगितलं! ततपप करत सगळं पुन्हा सांगितलं! तर म्हणतात, "बरं. वर्गशिक्षिकेचं यावर म्हणणं काय?"

म्हटलं, "बाई, वर्गशिक्षिका तुम्हीच."

"ते मला ठाऊक आहे. पण मुख्याध्यापिकेनं एकाच बाजूचं ऐकून कसं चालेल?"

मग काय करता? बाईंची बाजू बाईंना मी सांगितली! आणि चांगली सांगितली हो, जरा जास्तच चांगली, मला वाटायला लागलं आता आपण हरतोय. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "मुलगी त्या शिक्षिकेला घाबरते का?"

"हो."

"आणखी कोणी घाबरतं?"

नाही म्हणणारच होतो. पण डोळ्यांसमोर ती पोर आली, दप्तराकडे पाठ करून बसलेली. म्हटलं, "मी. मी घाबरतो, बाई. अजून. पेपर वाचताना कुणी शेजारी आलं तर घडी घालून ठेवतो मी."

बाई थांबल्या. पण हे थांबणं निराळं होतं. लेखणी खाली ठेवली, खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग अगदी हळू विचारलं, "तेव्हा तुझ्यासाठी कुणी आलं नाही रे भांडायला?" म्हटलं, "बाबा यायचा फाटकापर्यंत. तिथून ट्रॅक्टर वळवायचा." त्यांचे डोळे भरले होते. खरंच सांगतो, मला त्यांची कीव आली, आणि तेवढ्यात मी त्यांना घाबरायचंसुद्धा विसरलो. म्हणाल्या, "तू आत आलास, कोलमन." मग चष्मा चढवला. "ठीक आहे, मिस्टर डफी. मी टियर्नीबाईंशी बोलते."

आणि बोलल्या हो! सोमवारी आल्वा उड्या मारत घरी. आता उभं राहायचं नाही, हीटरजवळच्या छोट्या टेबलाशी दोघींनीच बसून हळू वाचायचं, अडलं की बाई पुढचा शब्द सांगतात. वर पोर मला कानात सांगते, "बाबा, मुख्याध्यापिका बाईंना खूप रागावल्या म्हणे. बिचाऱ्या बाई!" त्या रात्री पोर गाढ झोपली. मी दारात उभा राहून नुसता बघत होतो.

संपलं ना इथं? संपायला हवं होतं! रविवारी चर्चबाहेर बाईंनी गाठलं. "कोलमन, इतक्या वर्षांत रीतसर पायऱ्या चढून आलेला पालक तू एकटा. समितीच्या अध्यक्षाची जागा रिकामी आहे, कुणी घ्यायला तयार नाही. शाळा चर्चची, नेमणूक बिशपसाहेब करतात, त्यांना मी तुझं नाव कळवलंय."

आता मला सांगा, तुम्ही नाही म्हणाला असतात? समोर उभं राहून? टियर्नीबाईंना? मी काही भित्रा नाही, तुम्हाला सांगतो... मी म्हणालो, "हो, बाई."

आता दर रविवारी गुडघे टेकतो आणि एकच मागतो. लोक म्हणतात, कोलमन किती सुधारला बघा, गावातल्या झाडून सगळ्या पोरांसाठी प्रार्थना करतो! करणारच हो! देवा, एकेक पोर हसत शाळेत जाऊ दे, एकाच्याही आईबापाची तक्रार तिसऱ्या पायरीपर्यंत चढू देऊ नकोस... कारण ती चढली, की टियर्नीबाईंना समोर बसवून जाब विचारायचाय, आणि तो कुणी? अध्यक्षानं, म्हणजे मी!