ठोकळा पोटातून जळून राहिला

तुम्हाला आमच्या देवकाबाईंबद्दल सांगितलं का कधी? गोंदियाजवळच्या गाद्यांच्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो, तेव्हा कामठ्याच्या या बाई गोदामात फोमचे ठोकळे रचायच्या. एकदा पुण्याहून आलेले एक इंजिनिअर आम्हाला क्रीम टाइम, राइज टाइम असले फोम फुगण्याच्या वेळांचे शब्द शिकवत होते. तेवढ्यात देवकाबाई दारात येऊन म्हणाल्या, "साहेब, सकाळचा एक ठोकळा पोटातून जळून राहिला."

इंजिनिअरनी जाऊन हात लावून पाहिला. "वरून तर गार आहे. तुम्हाला कसं कळलं?"

"वास येऊन राहिला ना. धानाच्या ओल्या तणसीचा ढीग रचला का तोही असाच आतून तापते."

साहेब पुन्हा ठोकळा चाचपू लागले. बाईंनी मात्र सोबतच्या दोघी कामगार बायांना हाक मारून ठोकळा बाहेर अंगणात ओढला. थोड्याच वेळात त्यातून धूर निघाला. पाणी मारून कापला, तर आतून पार काळा. गोदामात राहिला असता, तर कारखानाच गेला असता.

इंजिनिअर हळूच म्हणाले, "बाई, याला स्कॉर्च म्हणतात."

"म्हणा ना," देवकाबाई म्हणाल्या, "पण आधी गोदामातले त्याच्या बाजूचे ठोकळे दूर करू लागा, तेही सकाळचेच आहेत, आतून तापून राहिले असतील."

साहेबांनी बाह्या वर सारल्या.