कारल्याचं ऑपरेशन

हॅलो? आई? अगं, किती वेळ! क्लासला दांडी मारून मी फोनसमोर बसलेय… बरं, नंतर रागव. आधी सांग, फॉर्म भरलास?

सगळा? एकटीनं? कॉम्प्युटरवर?

आई गंऽऽ! …नाही, ओरडत नाहीये… बरं, ओरडतेय. बाबा, थांबा हो, सांगते तुम्हाला!

हं, बोल. …पेशंटचं नाव नको सांगूस, बाजूला कोणी असेल. नुसतं ऑपरेशन कसलं ते सांग. …पोटाचं. बरं. आणि सर्जन कोण, अभय सर? …"नेहमीचंच लिहा, सिस्टर"? म्हणालेच ना! अगं, वहीत चालायचं ते. वही आजपासून बंद. फॉर्ममध्ये 'नेहमीचंच' असा कप्पाच नाहीये!

मग तू? …तोंडावर? "सर, छेद कुठे, टाके कुठले, एकेक सांगा, मी टिक करते"? आई, तू? परवापर्यंत माउसला हात लावायला घाबरायचीस!

…हो, हो, आपल्या सरावासारखंच. मी सर्जन, तू सिस्टर, पेशंट भरली कारली. बारा कारली, बांधायला बारा दोरे. …हसू नकोस! तूच न मोजता 'दोरे जुळले'वर टिक केलंस आणि बारावा दोरा बाबांच्या दातात निघाला!

…काय? थांब, थांब. परत सांग. …मॉप मोजताना? रक्त टिपायचे? आधी बारा… आणि नंतर अकरा?

मग सर काय म्हणाले? …"बारा टाका, असेल कुठेतरी बादलीत"? …आणि मेट्रन मॅडम मागेच उभ्या? त्याच ना, आज जमलं नाही तर तुला ओपीडीच्या खिडकीवर बसवा म्हणणाऱ्या? …आई, मग तू… तू बारा टाकलेस?

अगं, बोल ना!

…अकरा. …अकराच टाकलेस! …आणि स्क्रीन लाल. पुढे जाईचना. …काय म्हणालीस सरांना? …"मी अकरा मोजलेत, सर, अकराच लिहिणार." शप्पथ?

…बादलीत नाही? …खालीही नाही? …मग कुठे? …आत? पोटात? …शिवायच्या आधीच मिळाला ना? …बापरे. माझ्या अंगावर काटा आला बघ. …नाही, रडत नाहीये. तू रडतेयस. …बरं, दोघी.

पेशंट? …शुद्धीवर? पाणी मागतोय? मागू दे, लगेच देऊ नका! …हो, हो, तू सिस्टर. मी फक्त कारल्यांची सर्जन.

आणि खाली नाव कोणाचं आलं? …वाच ना. …'मोजणी: सिस्टर ललिता ओव्हाळ.' …परत वाच. …बावीस वर्षं, आई! त्या वहीत कायम सरांचंच नाव असायचं.

…सर आले होते? …"बरं झालं ऐकलं नाहीत माझं"? एवढंच? …चालेल, त्यांच्यासाठी ते भाषणच आहे.

मग ओपीडीची खिडकी? …रद्द? थिएटरमध्येच? नक्की? येऽऽ! …काय? सोमवारी तू शिकवायचंस? सगळ्या नव्या सिस्टरना? …कशावर सराव केलास असं विचारलं मेट्रन मॅडमनी? …आणि तू खरं सांगितलंस? कारली? …अय्या! …हसल्या? त्या? …आणि मग? …किती आणा म्हणाल्या?

हॅलो? …हो, जा, जा, पुढची केस असेल. आई, ऐक ना… नीट मोज! …ठेवते.

बाबाऽऽ! पिशवी घ्या, मार्केटात जाऊन या. दोन किलो कारली आणि दोऱ्याचं एक रीळ! …नाही हो, खायला नाही! तुमच्या दातांना काही होत नाही!