घरात कोणी नाही

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या त्या खेड्यात बाहेर गुडघाभर बर्फ पडलं होतं आणि चांभाराच्या दुकानातली रांग हलता हलत नव्हती. घरं तापवायचं तेल पोचवणाऱ्या टँकरचा ड्रायव्हर गेलन पुढच्या दोघी म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकत होता. हातात फोन धरलेल्या ऑडीलला तो ओळखायचा. दुसरी तिची शेजारीण बर्निस.

"अगं, सारखा काय फोन बघतेस?"

"लेकाने तेलाच्या भट्टीला नवा थर्मोस्टॅट बसवलाय ना, घर किती गरम आहे ते इथे दिसतं. सकाळी अडुसष्ट फॅरनहाइट होतं, आता साठ."

"तेल संपलं असेल."

"परवाच तर टाकी भरली."

भरली होती. गेलननेच.

"मग ते यंत्रच बिघडलं असणार."

"बिघडलेलं असलं तर बरंच गं. घरात कुणी वावरत नसलं की ते आपणहून भट्टी मंद करतं. हे वाच, काय म्हणतंय. नऊपासून घरात कोणी नाही."

"अगंबाई, आता अकरा वाजले. आणि लिओनेल?"

"घरीच आहे. फोन उचलत नाही."

"खुर्चीत घोरत पडला असेल. तुझा नवरा कधी हलतो का जागचा?"

"थर्मोस्टॅट त्या खुर्चीसमोरच आहे. पेपरचं पान उलटलं तरी त्याला कळतं."

"मग गेला असेल बाहेर पाय मोकळे करायला. उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

ऑडीलने हातातली पिशवी उघडून तिच्यापुढे धरली.

"त्याचे बूट इथे आहेत, बर्निस. एकच जोड आहे त्याचा."